मिकोच्या हातात धनुष्य कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघं मित्र मिळून जपानी वळणाचा एक टेबलटॉप (टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायचा) फँटसी गेम रचताय. त्यात ‘श्राइन मेडन’ (जपानी देवळातली सेविका, म्हणजेच मिको) नावाचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घालायचाय. पांढरा अंगरखा, लाल हाकामा (घोळदार विजार), हातात धनुष्य, आणि काम पार्टीला, म्हणजे सोबतच्या टोळीला, बरं करायचं. तर इतिहासात या बायका खरंच लढायच्या का, उपचार करायच्या का, आणि गेमवाले दाखवतात त्यातलं खरं किती?

आधी मी कोण ते सांगते. जपानी गेमांची भाषांतरं करून पोट भरते, आणि शनिवारी रात्री टेबलाच्या त्या बाजूला बसते जिथे डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, बसतो. शिवाय जपानमध्ये शिकत असताना दोन नववर्षं एका लहानशा जिंजात, म्हणजे शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या देवळात, पार्टटाइम मिको म्हणून उभी राहिले आहे. त्यामुळे या लाल हाकाम्यात थंडी किती वाजते हेसुद्धा मला माहीत आहे.

उत्तर एका दमात द्यायचं तर: लढायच्या नाहीत. जखमा भरणं हेही त्यांचं काम नव्हतं. त्यांचं काम बोलणं, आणि तेही स्वतःचं नाही.

मूळ शब्द ‘मिको’. तो ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात त्यातलं पहिलं म्हणजे देव अंगात घेणारी व्यक्ती, दुसरं म्हणजे बाई. ‘श्राइन मेडन’ या इंग्रजी शब्दात देऊळ आलं, कुमारिका आली, पण मुद्दा गळून पडला. जपानीत देव अंगात येण्याला ‘कामिगाकारी’ म्हणतात. इंग्रजी करताना या शब्दापाशी मी दर वेळी अडते, कारण तिकडे भुतानं झपाटण्याचा शब्द आहे आणि तो देवाला लावावा लागतो. मराठीत ही अडचणच नाही. अंगात येणं, वारं येणं, घुमणं: अख्खा शब्दसंग्रह तयार. फक्त एक करा, या ओळखीच्या शब्दांवरून मिकोला मुरळी किंवा जोगतीण समजू नका. तिचं देवाशी लग्न लावत नाहीत, तिला देवाला सोडतही नाहीत. देव येतो, बोलतो, जातो. मग ती घरी जाते. कित्येक ठिकाणी हे घराण्यातून चालत आलेलं काम होतं आणि त्या बायका लग्नाच्या, लेकुरवाळ्या होत्या. ‘मिको म्हणजे पवित्र कुमारिका, लग्न केलं की शक्ती गेली’ हा नियम गेममध्ये घालायचाच तर घाला, पण इतिहासाच्या नावावर खपवू नका.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तुमचा क्लास त्यातच दडलाय. इ. स. ७१२ सालच्या ‘कोजिकी’ या ग्रंथातला आहे. इतिहास म्हणून नव्हे, दंतकथा म्हणूनच वाचायचा. राजा च्यूआई क्यूशू बेटावर लढाईच्या तयारीत आहे. देवाचा कौल घ्यायचा ठरतं. राजा स्वतः कोतो हे तंतुवाद्य वाजवायला बसतो. ताकेनोउची नावाचा मंत्री प्रश्न विचारायला बसतो. या विचारणाऱ्याला ‘सानिवा’ म्हणतात. आणि देव येतो राणी जिंगूच्या अंगात. देव सांगतो, पश्चिमेला सोन्याचांदीनं भरलेला देश आहे, तो मी तुला देतो. राजा म्हणतो, उंचावर चढून पश्चिमेला पाहिलं तर नुसता समुद्र दिसतो, हा देव खोटारडा आहे. कोतो बाजूला सारून तो गप्प बसतो. देव खवळतो. मंत्री घाबरून म्हणतो, महाराज, वाजवत राहा. राजा नाइलाजानं कोतो पुढे ओढून कसंबसं वाजवायला लागतो. थोड्या वेळात आवाज थांबतो. दिवा वर करून बघतात तर राजा मेलेला.

पुढचा भाग बहुतेक लोक सोडून देतात. सगळ्या देशाची शुद्धी करून पुन्हा कौल लावतात, आणि तेव्हा कुठे मंत्री विचारतो, असं सांगणाऱ्या आपलं नाव काय? उत्तर येतं, ही सूर्यदेवी अमातेरासूची इच्छा आहे आणि बोलतोय तो आम्ही सुमियोशीचे तीन देव. राजाचा जीव गेल्यावर नाव विचारलं!

या प्रसंगात तीन माणसं आहेत हे नीट बघा. एक वाजवणारा, एक विचारणारा, आणि एक जिच्या अंगात येतं ती. आपल्याकडे खेड्यात जिच्या अंगात येतं तिला ‘झाड’ म्हणतात आणि समोर बसलेला कुणी म्हातारा ‘कोण आहेस, कुठून आलास’ असं दरडावून विचारतो. रचना तीच. शक्ती मिकोची नाही, ती तिच्यातून जाते. गेमांमध्ये मात्र मिको एकटी उभी असते आणि तिच्या बोटांतून उजेड निघतो. माझं भांडण आहे ते इथेच. कपडे चुकले, धनुष्य चुकलं, त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

हिमिकोचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१३ च्या ‘टूम रेडर’मध्ये ती यामाताई बेटाची सूर्यराणी आहे, वादळं तिच्या ताब्यात, आणि स्वतःचा आत्मा ती पुढच्या पुजारणीच्या देहात घालते. खरी हिमिको चिनी बखरीत सापडते. वेई राज्याच्या नोंदींत लिहिलंय की ती गूढ विधींत रमलेली होती, लोकांवर तिची मोहिनी होती, वय झालं तरी नवरा नव्हता, आणि कारभारात धाकटा भाऊ मदत करी. तिच्याभोवती हजार दासी. आत जायची मुभा एकाच पुरुषाला, तो जेवण न्यायचा आणि तिचं बोलणं बाहेर आणायचा. २३९ साली तिनं वेई दरबारी दूत पाठवले. बदल्यात सोन्याची मुद्रा आणि शंभर ब्राँझचे आरसे आले. तिचं राज्य क्यूशूत होतं की नारा शहराजवळ, यावर जपानी विद्वान अजून भांडताहेत. वादळंबिदळं काही नाही, पण तो आत-बाहेर करणारा एकटा पुरुष बघा. विचारणाऱ्याची जागा इथंही रिकामी नाही.

राजदरबाराला या बायकांची गरज होती आणि भीतीही. त्यातून ‘साइओ’ हे पद आलं. राजघराण्यातली एक अविवाहित मुलगी कासवाच्या कवचावर कौल लावून निवडायची आणि इसे इथल्या अमातेरासूच्या सेवेला पाठवायची. सातव्या शतकात सम्राट तेम्मूची मुलगी ओकू गेली तेव्हापासून चौदाव्या शतकापर्यंत, म्हणजे साडेसहाशेहून जास्त वर्षं, हे चाललं. निघताना सम्राट स्वतः तिच्या केसात कंगवा खोवायचा आणि म्हणायचा, राजधानीकडे वळून बघू नकोस. तिथे पोचल्यावर प्रत्यक्ष इसेच्या मंदिरात ती वर्षातून तीनदाच जाई. बाकी दिवस साइगू नावाच्या तिच्या वाड्यात. आजच्या मिए प्रांतात मेइवा गावी त्या वाड्याची जागा खणून काढली आहे.

साइगूत काही शब्द उच्चारायला बंदी होती आणि त्यांच्या जागी काय म्हणायचं याची यादीच दहाव्या शतकातल्या नियमग्रंथात आहे. बौद्ध भिक्षूला म्हणायचं ‘लांबकेस्या’, डोकं तुळतुळीत असलं तरी. बौद्ध देवळाला ‘कौलारू’. रक्ताला ‘घाम’. आणि मरण्याला म्हणायचं ‘बरं होणं’. बांगडी फुटली की ‘वाढवली’ म्हणणाऱ्या आणि घरातून निघताना ‘येते’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. पण तुम्ही हिला हीलर करणार आहात ना? साइगूत ‘अमुक बरा झाला’ असं कुणी सांगितलं की आंघोळीची तयारी करावी लागे.

आता धनुष्य. ते खरं आहे, फक्त त्याला बाण नाही. आझुसा नावाच्या झाडाच्या लाकडाचं लहान धनुष्य घेऊन त्याची दोरी टणत्कारत राहायची आणि त्या आवाजावर मृतात्म्याला बोलवायचं, हे काम करणाऱ्या बायकांना ‘आझुसा मिको’ म्हणत. राजवाड्यातही मूल जन्मलं किंवा सम्राट आजारी पडला की नुसती दोरी वाजवून वाईट पळवून लावायचा विधी होता. म्हणजे धनुष्य हे शस्त्र कमी आणि वाद्य जास्त. राजाच्या कोतोची गरीब बहीण म्हणा. नववर्षाला जिंजात मिळणारा ‘हामाया’ नावाचा बाण असतो, तो घरात शोभेला ठेवतात, कुणाला मारत नाहीत.

मध्ययुगात दरबाराचा आणि मोठ्या देवस्थानांचा आधार सुटला तशा पुष्कळ मिको गावोगाव फिरायला लागल्या. ‘आरुकी मिको’, चालत्या मिको. कौल सांगायचा, मेलेल्याचं बोलणं ऐकवायचं, नाचायचं, कधी देहही विकायचा. इज़ुमोच्या मोठ्या जिंजातली मिको म्हणवणारी ओकुनी १६०३ साली क्योतोत नाचली आणि त्यातून काबुकी हे नाट्य उभं राहिलं, असं मानतात. याच फिरत्या बायकांवरून मोचिझुकी चियोमेची गोष्ट निघाली: ताकेदा शिंगेन या सरदारासाठी तिनं शेकडो अनाथ मुलींना मिकोच्या वेषात हेरगिरी शिकवली म्हणे. गेमवाल्यांना ही बाई फार आवडते. गोष्ट झकास आहे, पण त्या काळातला पुरावा नाही. आज सांगतात त्या रूपात ती विसाव्या शतकात घडली. तुमच्या गेममध्ये खुशाल घ्या, ‘ऐतिहासिक’ शिक्का मारू नका.

मग १८७३ साल उजाडलं. मेइजी सरकारच्या धर्मखात्यानं जानेवारीत हुकूम काढला: आझुसा मिको वगैरे मंडळींनी आत्मे बोलावणं बंद. कारण, लोकांना भुलवतात. नवं सरकार शिंतो धर्माला राष्ट्राचा पोशाख चढवत होतं, त्यात घुमणाऱ्या बायका शोभत नव्हत्या. जिंजांमध्ये मिको राहिली, तिचा नाच राहिला, घुंगरांचा झुबका राहिला (वरून तीन, पाच, सात असे पंधरा घुंगरू), पण तोंड बंद झालं. आज चार मिको पंखे घेऊन संथ फिरतात तो ‘उरायासू नो माइ’ हा नाच बघून पर्यटकांना वाटतं, हजार वर्षांचा आहे. तो १९४० साली बसवलाय. जुनं घुमणं उत्तरेला आओमोरीत टिकून राहिलं, अंध ‘इताको’ बायकांकडे. जुलैत ओसोरेझान डोंगरावर जत्रेत त्या मेलेल्या माणसांचं बोलणं ऐकवत आल्या. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात.

माझी नोकरी या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. ३१ डिसेंबरच्या रात्री दहाला हजर. केस काळे हवेत, नखं कापलेली, कानात काही नाही. माझे केस आखूड होते म्हणून मागे खोटं शेपूट बांधून त्याला पांढरा कागद गुंडाळला. अंगरख्याच्या आत पाठीला, पोटाला आणि पायमोज्यात गरम होणारी पुडकी चिकटवली. त्या ताईंनी, म्हणजे तिथल्या कायमच्या मिकोनं, मला मंत्र वगैरे काही शिकवला नाही. शिकवलं ते बोलणं. इथं काही ‘विकत’ नाही. ताईत ‘दिला जातो’, आणि पैसे म्हणजे किंमत नव्हे, ‘हात्सुहो-र्यो’, पहिल्या कणसांची भेट. दुकानदारासारखं ‘या या’ म्हणायचं नाही, ‘दर्शनाला आलात, बरं झालं’ अशा अर्थाचं म्हणायचं. आणि ताईत मोजताना ‘एक नग, दोन नग’ नाही. देवमूर्ती मोजायचा जो शब्द आहे तो, ‘इत्ताइ, नीताइ’. पहाटे चारला बोटं बधिर झालेली असताना मी एकदा चुकून बाजारातला शब्द वापरला. समोरच्या आजोबांच्या काही लक्षात आलं नाही. ताईंच्या आलं.

आणखी एक. भाविकांच्या डोक्यावरून पांढऱ्या कागदांची काठी फिरवून शुद्धी करतो तो पुरोहित, कान्नुशी. मिको बाजूला उभी असते. ती पुरोहित नाही, तिला परवाना लागत नाही, पंचविशी-तिशीच्या आत बहुतेकजणी हे काम सोडतात. बायकांना पुरोहित व्हायची वाट दुसऱ्या महायुद्धानंतर मोकळी झाली, ते शिक्षण वेगळं.

हे ठाऊक असलं की गेम बघायला मजा येते. ‘फायर एम्ब्लेम फेट्स’मध्ये (२०१५) मिको हा सरळ एक क्लास आहे. ती ज्या काठीनं बरं करते तिचं जपानी नाव ‘हाराएगुशी’, म्हणजे तीच पुरोहिताची शुद्धीची काठी. पुढची पायरी ‘इकुसा-मिको’, युद्धमिको, हातात धनुष्य. इंग्रजीत तिचं नुसतं ‘प्रीस्टेस’ झालं. भाषांतरकाराला मी दोष देत नाही, तिथे पडद्यावरच्या मजकुराच्या पेट्या लहान असतात. ‘तोहो’ मालिकेतली रेइमू कागदी ओफुदा (देवाच्या नावाच्या चिठ्ठ्या) फेकून मारते. खरा ओफुदा घरच्या देव्हाऱ्यात ठेवून वर्षानं परत करायचा असतो, पण तिच्या जिंजाची दानपेटी कायम रिकामी असते हा विनोद मात्र लहान जिंजा चालवणाऱ्या कुणालाही टोचेल. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मधल्या याए मिकोला बरेचजण मिको समजतात. ते तिचं नाव आहे. पद ‘गूजी’, मुख्य पुरोहित. ‘समुराई शोडाउन’ची नाकोरुरू (१९९३) तर आइनू, म्हणजे उत्तर जपानच्या मूळ रहिवाशांपैकी, आहे. आइनूंचा धर्म शिंतो नव्हे, तिला मिको म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या देवाला आपल्या देवाचं नाव देणं. दक्षिणेच्या ओकिनावातल्या नोरो (पुजारणी) आणि युता (अंगात येणाऱ्या) बायकांचंही तेच, त्यांचा वेगळा क्लास करा.

माझ्या मते खऱ्या मिकोच्या सगळ्यात जवळ जाणारी बाई मिको या नावानं येतच नाही. २००१ च्या ‘फायनल फँटसी टेन’मधली युना. तिचं मुख्य काम स्वतःच्या बळावर चालत नाही. प्रार्थना करून मोठ्या शक्तींना बोलावते, आणि त्याची किंमत ठरलेली असते. किलिकाच्या बंदरात पाण्यावर नाचत ती मेलेल्यांना वाटेला लावते, तेव्हा बाकीचे नुसते उभे राहून बघतात. तिथे मला कोतो वाजवणारा राजा आठवतो.

तेव्हा तुमच्या क्लासबद्दल. हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव, भरायचं काम हिच्याकडून काढून घ्या. शुद्धी म्हणजे ‘केगारे’ धुणं, म्हणजे प्रेताला शिवल्याचा, शापाचा, भीतीचा विटाळ काढणं. तुमच्या भाषेत स्टेटस, म्हणजे पात्राला लागलेला दोष, उतरवणं. जखम शिवायला दुसरा कुणी बघा. धनुष्य द्या, बाण देऊ नका. दोरी वाजेल तेवढ्या टप्प्यात वाईट जवळ येणार नाही. आणि मुख्य शक्ती एकच ठेवा, उतरवून घेणं. त्याला तीन जण लागतील: एक वाजवेल, एक विचारेल, आणि मिकोचा खेळाडू आपली शीट (पात्राचा कागद) उलटी ठेवून गप्प बसेल. त्या वेळापुरती ती डीएमच्या हातात. दर प्रश्नाला वाजवणाऱ्यानं फासा टाकायचा, पडला कमी की तार तुटली, संपलं. शुद्धीवर आल्यावर मिकोला काही आठवणार नाही. बाकीच्यांनी लिहून घेतलं असेल तेवढंच हाती. दरबारी वळणाची साइओ हवी असेल तर टेबलावर ‘मेला’ हा शब्द बंद करा आणि बघा काय गोंधळ होतो.

हे आमच्या टेबलावर चाललेलं आहे. पहिल्यांदा उतरवून घेतलं तेव्हा मंडळींनी घाईघाईनं विचारलं, खजिना कुठाय? मी सांगितलं, दरीपलीकडे जुन्या तोरीच्या (देवळाच्या कमानीच्या) मागे, पण वाटेत तेलात तळलेला तोफू (सोयाबीनचं पनीर) ठेवत जा. दोन शनिवार ते दऱ्याखोऱ्यांतून तोफू ठेवत फिरले. तिसऱ्या शनिवारी वाजवणाऱ्यानं दोरी छेडली, मिकोनं शीट उलटी ठेवली, आणि विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न आला, “आपण कोण?” देव म्हणून तोफू खात बसलेल्या कोल्ह्याला काही उत्तर सुचेना.